प्लायचा कॉकपिट – गाळ्यातल्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम घेतलं. अंधेरी पूर्वेला एक रिटायर्ड कॅप्टन डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, पेपरांचा क्लास घेतात, त्यांना एअरबसच्या ए-३२० विमानाचा कॉकपिट हवाय, प्लायवुडचा. हलायला नको, उडायला नको, समोरच्या स्क्रीनच्या जागी छापील फोटो चालतील. आम्ही एरवी सिरियलचे सेट आणि प्रदर्शनाचे स्टॉल करणारी माणसं, त्यामुळे ठोकाठोकीचं टेन्शन नव्हतं, पण मी सरळ विचारलं की सर, यूट्यूबवर सगळं फुकट दिसतं मग हे लाकूड कशाला?

सरांनी भिंतीवरचं फ्लेक्स दाखवलं. टाइप रेटिंगला, म्हणजे एका ठराविक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगला, जाणारा प्रत्येक पोरगा असं कॉकपिटचं पोस्टर घरात चिकटवतो आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बोटं फिरवत बसतो. म्हणाले, पोस्टर डोळ्यासमोर असतं, बटणांचा खरा ओव्हरहेड पॅनल डोक्यावर असतो, मान वर करून हात मागे न्यावा लागतो, ती सवय पोस्टरने लागत नाही. आणि ती सवय लावायला सिम्युलेटरचा तास जाळणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथे इंजिन फेल, आग, धुकं हे शिकायचं असतं, बॅटरीचं बटण कुठंय हे नाही.

पटलं. ॲडव्हान्स घेतला.

१९ जानेवारी

क्लासमधल्या पोरापोरींना भेटून आलो, कारण वापरणारे तेच. सगळ्यांकडे सीपीएल आहे म्हणजे कमर्शियल लायसन्स, त्यासाठी किमान २०० तासांचं फ्लाइंग लागतं, ते कुणी बारामतीला केलंय, कुणी गोंदियाला, कुणी शिरपूरला तर कुणी अमेरिकेत. आता एअरलाइनच्या बॅचची वाट बघतायत. यात आमची भाचीपण आहे, खरंतर तिच्यामुळेच हे काम आमच्याकडे आलं.

बाहेरच्या लोकांना वाटतं लायसन्स मिळालं की दुसऱ्या दिवशी युनिफॉर्म. ताईला तर बिल्डिंगमधले विचारून विचारून हैराण करतात, कधी उडवतेय विमान. खरी स्थिती अशी आहे की २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली, त्याच वर्षी इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, पेपरात बातम्या आल्या आणि प्रत्येक आईबापाला वाटलं आता नोकऱ्यांचा पाऊस पडणार. पण ऑर्डर दिलेलं विमान यायला वर्षं लागतात, सिम्युलेटर मोजके, शिकवणारे कॅप्टन त्याहून मोजके, आणि नव्या पोराला लाइनवर, म्हणजे प्रवाशांच्या फ्लाइटवर, सोडायचं तर अनुभवी कॅप्टन शेजारी बसवावाच लागतो. म्हणून रांग. सर म्हणतात की या रिकाम्या महिन्यांत ज्याचा हात आणि डोकं गंजतं तो सिममध्ये पहिल्याच आठवड्यात मागे पडतो.

एक गोष्ट मापं घेताना कळली. ही सगळी पोरं सेसना या छोट्या विमानात डावीकडे बसून शिकली, म्हणजे डाव्या हाताने योक (विमान वळवायचं हँडल) आणि उजव्या हाताने थ्रॉटल (इंजिनची ताकद कमीजास्त करायचा दांडा). को-पायलट म्हणून बसणार उजवीकडे, एअरबसमध्ये योकऐवजी साइडस्टिक ही छोटी दांडी त्याच्या उजव्या हाताला आणि थ्रस्ट लिव्हर, म्हणजे थ्रॉटलच, डावीकडे. म्हणजे हातच उलटे! आणि काही वर्षांनी कॅप्टन झाला की परत डावीकडे, परत हात उलटे. त्यामुळे उजवी सीट आधी करायची ठरवली, डावी नंतर. सर खूश झाले.

२ फेब्रुवारी

ओव्हरहेड पॅनल. काळं ॲक्रिलिक लेझरने कापून आणलं, पुशबटणं लॅमिंग्टन रोडवरून. वायरिंगवाल्या पोराने सगळ्या बटणांत हिरवे एलईडी टाकले, दिवाळीच्या तोरणासारखं लखलखत होतं, कॅमेऱ्यात भारी दिसलं असतं. सर आले आणि म्हणाले विझवा सगळं.

तर एअरबसचा हिशोब असा की सगळं ठीक असेल तर ओव्हरहेडवर अंधार. बटण दाबलेलं आणि दिवा नाही म्हणजे सिस्टिम चालू आहे, नॉर्मल. पांढऱ्या अक्षरात ऑफ दिसलं तर कुणीतरी ती बंद ठेवलीय. पिवळट अंबर म्हणजे बिघाड, बघायला हवं. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. निळा हा तात्पुरत्या वापराच्या गोष्टींसाठी, एपीयू म्हणजे मागचं छोटं इंजिन, त्याच्या बटणावर अव्हेलेबल झाल्यावर हिरवं येतं, असं बरंच. नवीन पोराची परीक्षा हीच की इतक्या बटणांतून नजर फिरवायची आणि जिथे उजेड आहे तिथेच थांबायचं.

सेटवर आम्ही दिवे दिसावेत म्हणून लावतो, इथे उलटं. परत सगळे एलईडी उपसले. पोरगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

९ फेब्रुवारी

पेडेस्टल, म्हणजे दोन सीटच्या मधला ठोकळा. थ्रस्ट लिव्हरला ठराविक खाचा असतात: आयडल (सगळ्यात कमी ताकद), क्लाइंब (चढताना), मग फ्लेक्स (टेकऑफची थोडी कमी ताकद), आणि सगळ्यात पुढे टोगा (पूर्ण ताकद). लिव्हर त्या खाचेत ‘टक’ करून बसली पाहिजे आणि ते न बघता हाताला कळलं पाहिजे. बाहेर रेडीमेड मिळतं पण महाग, कस्टमसकट तर विचारूच नका. शेवटी साकीनाक्याच्या हार्डवेअरवाल्याकडून कपाटाच्या दाराला लागतात ते पितळी बॉल कॅच आणले, एमडीएफच्या चकतीला कानसून खाचा केल्या. पहिल्याला आवाज मस्त पण जोर फार लागत होता, स्प्रिंग कापून छोटी केली. आता टक-टक-टक छान बसतंय. सरांनी डोळे मिटून लिव्हर पुढेमागे केली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

जाताजाता त्यांनी सांगितलं की एअरबसमध्ये ऑटोथ्रस्ट चालू असताना या लिव्हर जागच्या हलत नाहीत, क्लाइंबच्या खाचेत पडून राहतात आणि आत कॉम्प्युटर पॉवर कमीजास्त करतो. बोइंगमध्ये मात्र लिव्हर स्वतःहून मागेपुढे सरकतात, हाताला समजतं. त्यामुळे ७३७ वरून एअरबसवर येणारे जुने कॅप्टनसुद्धा सुरुवातीला अस्वस्थ होतात. नव्यांना हा प्रॉब्लेम नाही, त्यांना काहीच माहीत नसतं.

२३ फेब्रुवारी

पहिल्यांदा जोड्या बसवल्या. मला वाटलं बटणं शोधताना गोंधळतील, तर बटणं पाठ होती सगळ्यांना. अडकले कुठे तर बोलण्यात.

दोघांपैकी एक पायलट फ्लाइंग, दुसरा पायलट मॉनिटरिंग. जो उडवतोय त्याने मागायचं, दुसऱ्याने करायचं आणि केलं असं मोठ्याने सांगायचं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या, खाली उतरणाऱ्या झडपा) मागितला तर आधी स्पीड बघायचा, मग ‘स्पीड चेक, फ्लॅप्स वन’, मग हात. स्क्रीनवर मोड बदलला की तोही वाचून दाखवायचा. कंट्रोल एकाकडून दुसऱ्याकडे देताना ‘यू हॅव कंट्रोल’, ‘आय हॅव कंट्रोल’ हे दोन्ही बाजूंनी ऐकू आलं पाहिजे. आणि ही पोरं काय करतात, मनातल्या मनात बोलतात! एकाने फ्लॅप लिव्हर खाली केली, बरोबर केली, पण शेजारच्याला पत्ताच नाही. सर म्हणाले, एकट्याने सेसना चालवलीय ना, तिथे कुणाशी बोलणार, म्हणून सिममध्ये नवीन मुलं उडवण्यात कमी आणि गप्प बसण्यात जास्त मार खातात.

नंतर टेकऑफचा सराव. व्ही-वन हा तो वेग, की त्यानंतर काही झालं तरी थांबायचं नाही, उडायचंच. तोपर्यंत थ्रस्ट लिव्हरवर हात कॅप्टनचा, व्ही-वनला तो हात काढून घेतो, म्हणजे थांबायचा मोहच नको. आणि इंजिन गेलं तर? भाचीने झटक्यात वर हात नेला. सरांनी हातावर चापट मारली. ४०० फुटांखाली कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, विमान सरळ धरायचं, चाकं वर घ्यायची, बस्स. घाईघाईत चुकीचं, म्हणजे चांगलं चाललेलं इंजिन बंद केल्याची उदाहरणं जगात आहेत.

मी बाजूला बसून हे सगळं मोबाईलवर टाइप करत होतो. माझ्या कारागिरांनापण ही मागून-सांगून करायची पद्धत लावली तर निम्मं प्लाय वाया जाणार नाही.

९ मार्च

क्लाससाठी आमच्याकडूनच एक माहितीपत्रक छापून हवंय म्हणाले, म्हणून फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेतलं. एअरलाइनचं पत्र आल्यावर काय काय होतं ते असं.

आधी कंपनीचं इंडक्शन. यात विमान कुठेच नाही. धोकादायक माल कसा ओळखायचा, सिक्युरिटी, क्रूने आपसात कसं वागायचं, आग विझवणं, आणि एक दिवस स्विमिंग पूलमध्ये लाइफ जॅकेट घालून तराफ्यावर चढणं. मग ग्राउंड स्कूल, म्हणजे हायड्रॉलिक, इलेक्ट्रिकल, फ्युएल वगैरे एकेक सिस्टिम कॉम्प्युटरवर आणि परीक्षा. मग न हलणाऱ्या ट्रेनरवर प्रोसिजर. मग फुल फ्लाइट सिम्युलेटर, तो खराखुरा हलतो. मुंबईच्या पोरांना यासाठी बहुतेक गुरुग्राम, ग्रेटर नोएडा, हैदराबाद, बेंगळुरू नाहीतर परदेश गाठावा लागतो, पीजीत राहायचं आणि स्लॉट मिळेल तसा, सिम्युलेटर चोवीस तास चालतात त्यामुळे रात्री दोनचा स्लॉट आला तर रात्री दोनला. चार तासांचं सेशन, अर्धा वेळ तू उडव आणि अर्धा वेळ पार्टनरला मदत कर. पार्टनर कमजोर निघाला तर तुझं सेशनपण खराब होतं, म्हणून दोघांनी एकत्र अभ्यास करायचा, तोऱ्यात राहायचं नाही, हे सरांनी दोनदा अधोरेखित केलंय.

शेवटी परीक्षकासमोर स्किल टेस्ट. मग रिकामं विमान घेऊन सर्किट-लँडिंग, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं, पहिल्यांदा खरं जेट हातात, पोरं हे आयुष्यभर सांगतात. लायसन्सवर टाइपची नोंद झाली की कॉकपिटमधल्या मागच्या जादा खुर्चीवर, म्हणजे जंप सीटवर, बसून नुसतं बघायचं. मग प्रवाशांसकट फ्लाइंग, कॅप्टन ट्रेनर असतो आणि सुरुवातीला मागे एक सेफ्टी पायलट. प्रवाशांना यातलं काही कळत नाही. काही महिन्यांनी रिलीज चेक, आणि तो झाला की तुम्ही फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, म्हणून रोस्टरवर (ड्युटीच्या तक्त्यावर).

आणि मग संपलं का, तर नाही. दर सहा महिन्यांनी परत सिममध्ये चेक, मेडिकल वेगळं, ड्युटीआधी तोंडाने फुंकायची अल्कोहोल टेस्ट वेगळी. ज्याला परीक्षांचा कंटाळा आहे त्याने या धंद्यात येऊ नये असं सर पालकांना तोंडावर सांगतात.

बाँडची, म्हणजे अमुक वर्षं कंपनी सोडणार नाही या कराराची, ओळ त्यांनी ठळक करायला सांगितलीय. टाइप रेटिंगचा खर्च कंपनी करते का तुमच्याकडून घेते, कापून घेते का, किती वर्षं अडकवते, हे सही करायच्या आधी वाचा. शिवाय नोटीस पीरियड, २०१७ पासून को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष, हा नियम डीजीसीएचाच आहे. ऑफिसातल्यासारखं महिन्याभरात टाटा-बाय होत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गाळा बंद, पण नोंद करावीच लागेल. भाचीला काल मेल आला. बॅच ठरली, आणि फ्लीट, म्हणजे उडवायच्या विमानाचा प्रकार, दिलाय एटीआर!

ताईकडे श्रीखंड-पुरी आणि थोडासा सुतकी मूड. भावजी म्हणाले, म्हणजे ते पंख्याचं छोटं विमान ना, एवढे पैसे भरले ते पंख्यासाठी? भाची काही बोलली नाही पण तिने गेले कित्येक महिने ए-३२० चं पोस्टर घोकलं होतं, माझ्याच लाकडावर हात घासला होता.

सरांना फोन लावला. ते हसलेच. म्हणे नव्या पायलटला विमान निवडायला मिळत नाही, कंपनीला कुठे माणूस कमी आहे त्यावर ठरतं. बॅचमध्ये जागा कुठल्या फ्लीटवर रिकाम्या, कुठली विमानं येतायत, सिमचे स्लॉट कुठले आहेत, बेस कुठला. ज्या कंपनीकडे एकच प्रकार आहे, आपली अकासा घ्या, सगळी ७३७ मॅक्स, तिथे प्रश्नच नाही. जिथे दोन-तीन प्रकार आहेत तिथे पुढे बदल होतो तो सीनिऑरिटीने, आणि सीनिऑरिटी नंबर पहिल्या दिवशी चिकटतो तो रिटायर होईपर्यंत. ७७७ किंवा ए-३५० सारखी मोठी विमानं बहुधा छोट्यावर काही वर्षं काढल्यावर. आणि एटीआरवरून एअरबसला जायचं तर नवीन टाइप रेटिंग, परत ग्राउंड स्कूल, परत सिम. ए-३२० वाल्याला मात्र ३१९ आणि ३२१ त्याच रेटिंगवर चालतात, थोडा फरकाचा अभ्यास केला की झालं.

मग जरा गंभीर होऊन म्हणाले, विमानावर प्रेम करू नका. एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, मुंबईत ७३७ वर हजारो तास असलेले लोक होते, नोकऱ्या होत्या त्या बऱ्याचशा एअरबसच्या, वय झालेल्या कॅप्टनांना परत विद्यार्थी व्हावं लागलं. मे २०२३ ला गो फर्स्ट थांबली, ते एअरबसवाले होते, त्यांना त्यातल्या त्यात बरं गेलं. एटीआरवर दिवसाला छोटी छोटी सेक्टर (फेऱ्या), म्हणजे टेकऑफ-लँडिंग भरपूर, धावपट्ट्या छोट्या, हाताने उडवणं जास्त. तिच्या वयात मी तेच मागितलं असतं.

हे समाधान म्हणून सांगत होते का खरंच, मला आवाजावरून तरी खरंच वाटलं. भावजींना मात्र अजून पटलेलं नाही.

१३ एप्रिल

एटीआरचा पेडेस्टल वेगळा करून द्यायचं ठरलं, फ्रेम आणि खुर्च्या त्याच, मधला ठोकळा काढून दुसरा बसेल असा. म्हणजे ए-३२० वाल्यांची बॅच आली की तो, एटीआरची आली की हा. खुर्चीची रेल मात्र बदलावी लागली, दोन दिवस त्यातच गेले.

एटीआर ७२-६०० मध्ये साइडस्टिक नाही, योक आहे, त्यामुळे हात पुन्हा वेगळे. पॉवर लिव्हर आणि त्यांच्या बाजूला कंडिशन लिव्हर, ज्यांनी प्रोपेलरचं आणि फ्युएलचं काम होतं, त्यातली एक जागा फेदर, म्हणजे पंख्याची पाती वाऱ्याला धार करून उभी राहतात आणि विमानाला पुढे नेणारी ओढ जवळपास संपते. त्याला लागूनच फ्लॅपची लिव्हर. मी पहिल्या कटिंगला तिन्हीला एकसारखे गोल नॉब सुचवले, एकाच मापात स्वस्त पडतात.

सरांनी पोखराचं सांगितलं. १५ जानेवारी २०२३, नेपाळमध्ये यती एअरलाइन्सचं एटीआर उतरायच्या बेतात होतं, उडवणाऱ्याने फ्लॅप मागितले आणि शेजारच्या पायलटने फ्लॅपऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला नेल्या. चौकशीच्या अहवालात हेच आलंय. दोन्ही इंजिनं चालू पण ओढ नाही, आणि काय झालंय हे दोघांना वेळेत कळलं नाही. ७२ माणसं गेली. बसलेले दोघंही कॅप्टन होते, नवखे नव्हते.

नॉबचा विषय तिथेच संपला. प्रत्येक लिव्हरचा आकार खऱ्यासारखा वेगळा, फ्लॅपचा चपटा. साच्याला पैसे गेले तर गेले. आणि सरांनी भाचीला सराव असा लावलाय की लिव्हरवर हात ठेवायचा, नाव मोठ्याने घ्यायचं, पोझिशन बघायची आणि मगच हलवायची. हळू केलं तरी चालेल म्हणे, घाई करणाऱ्याला ओरडा.

एटीआरची अजून एक गंमत. याला एपीयू नाही, म्हणजे जमिनीवर वीज आणि एसीसाठी मागे जे छोटं इंजिन असतं ते. मग उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावून ठेवतात, इंजिन धडधडतंय आणि पंखा गप्प. त्याला हॉटेल मोड म्हणतात. त्या ब्रेकचं बटण द्यायचं राहिलंय, यादीत टाकलं.

८ मे

आज विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद, पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीला. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एकावेळी एकच चालते, म्हणून दोन्हींचं काम एकदम काढायचं तर सगळंच थांबवावं लागतं. आमचा गाळा जरीमरीच्या बाजूला, घाटकोपरवरून उतरणारं प्रत्येक विमान डोक्यावरून जातं, एरवी व्हिडिओत आवाज घ्यायचा म्हणजे डोकेदुखी. आज सहा तास शांतता फुकट मिळाली, सरांचे सगळे प्रोसिजरचे व्हिडिओ उरकून घेतले.

मध्ये चहाला पावसाचा विषय निघाला. पावसाळ्यात नव्यांच्या वाट्याला लँडिंग कमीच येतात, ओली पट्टी, आडवा वारा, दिसणं कमी, कॅप्टन स्वतः उतरवतो. जूनमध्ये लाइन ट्रेनिंगला लागणाऱ्यांनी तशी मनाची तयारी ठेवायची, ट्रेनिंग लांबलं म्हणून घरी रडायचं नाही. रोस्टरचंही तेच. येत्या १ जुलै २०२५ पासून आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास होणार आहे, रात्रीच्या लँडिंगवर पुढच्या टप्प्यात अजून मर्यादा येणार आहेत, पण पहाटे साडेतीनचा पिकअप काही चुकणार नाही. भाचीने विचारलं गणपतीला सुट्टी मिळेल का. सर म्हणाले, नवीन माणसाला गणपतीत सुट्टी? आणि सगळे हसले.

२५ मे

दोन्ही पेडेस्टल क्लासवर बसवले. बिल दिलंय, निम्मं आलंय.

भाची पुढच्या आठवड्यात ग्राउंड स्कूलला जाते. एटीआरचा ठोकळा तोपर्यंत तिलाच हवाय, रोज संध्याकाळी पार्टनरला घेऊन बसते. पार्टनर नाशिकचा आहे, बोलतो भरपूर, चांगलं आहे.

राहिलेली कामं: हॉटेल मोडचं ब्रेक बटण, ए-३२० च्या डाव्या सीटची साइडस्टिक अजून ढिली आहे, पॉवर लिव्हरला फ्लाइट आयडलच्या जागी जो अडसर असतो तो घट्ट करायचा कारण हवेत त्याच्या मागे लिव्हर जाताच कामा नये आणि आमची आत्ता सहज जाते. बॉल कॅचची जाडी स्प्रिंग उद्या हार्डवेअरवाल्याकडे बघतो, नाहीतर त्या अडसरासाठी पितळेची पट्टी. सरांनी काल ७३७ चं विचारलंय, त्यात दोन्ही बाजूंना ते फिरणारं ट्रिमचं (विमानाचं नाक वर-खाली तोलायचं) चाक लागेल, त्याचं कोटेशन बुधवारपर्यंत.